मोटार तापली? पंख्याआधी पंचनामा करा



एप्रिलच्या अखेरीस उत्तर नागपुरातील एका भगिनीचे पत्र आले. घरी सीएनसी राउटर आहे. आयटीआय झालेला मुलगा एमडीएफच्या पाटांवर भगवान बुद्धांच्या प्रतिमा, अशोकचक्र आणि बाबासाहेबांची चित्रे कोरतो. दिवसा माल लावणे, काढणे आणि घासणे हे काम त्या स्वतः करतात. मशीनसाठी बचत गटाचे कर्ज आहे. वर-खाली चालणाऱ्या अक्षाची, म्हणजे झेडची, सर्व्हो मोटार मार्चमध्ये जळाली. उसनवारी करून दुसरी आणली, तर तीही हात लावू देत नाही. बुद्धपौर्णिमेची ऑर्डर अंगावर आहे. पत्राच्या शेवटी एकच प्रश्न होता : "केवढा पंखा लावावा?"

त्याच आठवड्यात माझे नागपूरला जाणे होते, म्हणून उत्तर लिहिण्याऐवजी घरीच गेलो. टिनाच्या छताची खोली, बाहेर ४४ अंश. आत मशीन, मशीनशेजारी शिलाई यंत्र, भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब, आणि सगळ्यांवर एमडीएफच्या भुशाचा पातळ थर. ताई म्हणाल्या, "भाऊ, चालू केली की अर्ध्या घंट्यात तापून राहिली. टेबलफॅन लावला, तरी तेच."

पंख्याबद्दल नंतर बोलू. आधी मोटार का तापते ते पाहू.

घरगुती मशीनवर बहुधा दोनपैकी एका जातीची मोटार असते. स्टेपर मोटार उभी असतानाही पूर्ण करंट घेते, म्हणून ती काही न करताही तापते. तिच्या ड्रायव्हरवर 'थांबल्यावर अर्धा करंट' असा एक छोटा स्विच सहसा असतो, तो लावला की पुष्कळ फरक पडतो. सर्व्होचा स्वभाव वेगळा. तिच्या पाठीमागे बसलेला एन्कोडर ती नेमकी कुठे आहे ते सतत कळवतो, आणि ड्राइव्ह कामापुरताच करंट देतो. म्हणजे सर्व्हो उभ्या जागी तापत असेल, तर कोणीतरी तिच्याकडे विनाकारण काम मागत आहे. तो 'कोणीतरी' शोधायचा. आपल्या धम्माच्या अभ्यासकाला ही रीत नवी नाही. कारणाशिवाय कार्य होत नाही, आणि कारण काढले की कार्य थांबते.

करंट आणि उष्णता यांचा हिशेब सरळ नाही, हेही सांगतो. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. तिप्पट झाला तर नऊपट. त्यात तांबे तापले की त्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो, म्हणजे तापलेली मोटार तेवढ्याच करंटला आणखी तापते. गुंडाळीवरचे इन्सुलेशन एफ वर्गाचे असेल तर १५५ अंशांपर्यंत टिकते, पण दर १० अंशांनी त्याचे आयुष्य निम्मे होते असा जुना ठोकताळा आहे. आतली निओडिमियमची चुंबके तर अधिक नाजूक. साध्या प्रतीची असतील तर ८० अंशांच्या पुढे त्यांची शक्ती कायमची कमी होऊ लागते. मग तेवढ्याच जोरासाठी मोटारीला जास्त करंट लागतो आणि ती आणखी तापते. सावकाराच्या व्याजासारखे हे चक्र आहे.

मुलाचा संशय स्पिंडलच्या वजनावर होता. "काका, दहा किलोचं डोकं आहे. ते धरून ठेवताना तापत असेल." संशय रास्त, पण संशयिताची बाजू ऐकल्याशिवाय शिक्षा नको. कागद घेतला. दहा किलो म्हणजे सुमारे ९८ न्यूटन. बॉलस्क्रूचा पिच ५ मिलिमीटर. स्क्रूतील घर्षण धरून हे वजन उचलायला सुमारे ०.०९ न्यूटन-मीटर जोर लागतो, नुसते धरून ठेवायला त्याहूनही कमी. मोटार ४०० वॅटची, ३००० फेऱ्यांची. तिचा सतत देता येणारा जोर १.२७ न्यूटन-मीटर. म्हणजे वजनाचा भार क्षमतेच्या सात टक्केच! स्पिंडल निर्दोष सुटला.

मग मोटार दोषी आहे का ते पाहिले. वीज बंद केली, डोक्याखाली भक्कम लाकडी ठोकळा दिला (हे विसरू नका, बॉलस्क्रू वजनाने आपोआप फिरतो आणि डोके खाली येते) आणि कपलिंग सोडले. मोटार एकटीच फिरवली. ड्राइव्हच्या छोट्या पडद्यावर भाराची टक्केवारी पाहता येते. ती अगदी किरकोळ होती. मोटारही निर्दोष. आता ताईंना म्हटले, स्क्रू हाताने फिरवा. मधल्या भागात तो सहज फिरला. वरच्या टोकाशी नेला तशा त्या म्हणाल्या, "इथं अडून राहिला भाऊ."

तिथेच पंचनामा झाला. स्क्रू आणि रेल्वेच्या रुळासारखे दोन गाइड समांतर नव्हते. मध्यावर लांब स्क्रू थोडा वाकून जुळवून घेतो, बेअरिंगजवळ त्याला वाकायला जागाच नसते, म्हणून तो टोकाशी आवळतो. त्यात गाइडमधल्या ग्रीसमध्ये एमडीएफचा भुसा मिसळून त्याचा लेप झाला होता. अडल्यामुळे अक्ष आज्ञेच्या मागे राहू लागला. बुद्धांच्या चेहऱ्याच्या कडा धुरकट येऊ लागल्या. मुलाने कोणाचे तरी ऐकून ड्राइव्हमधला गेन वाढवला. कडा जरा सुधारल्या, पण मोटार उभ्या जागी गुणगुणू लागली. गेन फार वाढला की मोटार केसाएवढी पुढे-मागे हलत राहते. काम शून्य, करंट भरपूर, आणि तो सगळा उष्णतेत जातो. टेबलफॅन या साखळीच्या शेवटच्या कडीवर वारा घालत होता.

पहिली मोटार कशी जळाली, तेही विचारले. पोराने खाली मान घालून सांगितले. ओव्हरलोडचा अलार्म यायचा, तो मेन स्विच बंद करून लगेच चालू करायचा, अलार्म जायचा. ऑर्डर पुरी करायची घाई होती. ड्राइव्ह हा मोटारीच्या उष्णतेचा हिशेब ठेवतो. किती करंट, किती वेळ. पण अनेक ड्राइव्हमध्ये वीज बंद केली की हा हिशेब पुसला जातो. तांब्यातली उष्णता मात्र पुसली जात नाही. बचत गटाच्या वहीचे पान फाडले म्हणून कर्ज फिटते का? ओव्हरलोडचा अलार्म आला की मोटारीला अर्धा तास तरी विसावा द्या, आणि त्या अर्ध्या तासात कारण शोधा. मी त्याला रागावलो नाही. रात्री दोनला एकट्याने मशीन चालवणाऱ्या पोराला हे कोणी सांगितलेच नव्हते. १९४२ साली बाबासाहेबांनी सरकारला दिलेल्या निवेदनात आपल्या मुलांना सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ म्हणून घ्यावे, अशी मागणी होती. ती का होती, ते अशा वेळी कळते. पुस्तकातले पुस्तकात मिळते. हाताखाली उभे राहून जे मिळते ते दुसरीकडे मिळत नाही.

दुरुस्ती त्यानेच केली, मी स्टुलावर बसून होतो. गाइड पुसून नवे ग्रीस भरले. नट मोटारीकडच्या बेअरिंगजवळ नेऊन त्याचे बोल्ट सैल केले, त्याला आपोआप बसू दिले आणि मग आवळले. नंतर नट दुसऱ्या टोकाला नेऊन तिथल्या बेअरिंगचे बोल्ट तसेच सैल करून आवळले. स्क्रू दोन बोटांनी फिरू लागला. त्यानंतरच गेन उतरवला, गुणगुण थांबेपर्यंत आणि त्याखाली थोडा आणखी. हा क्रम उलटा करू नये.

एक गोष्ट मात्र मलाही आधी दिसली नव्हती. मोटार बसवली होती ती एमडीएफच्या जाड तुकड्यावर! सर्व्होची उष्णता मोठ्या प्रमाणात तिच्या पुढच्या फ्लँजमधून बाहेर जाते. उत्पादक तिची क्षमता मोजतात तीच ठरावीक मापाच्या ॲल्युमिनियम पाटावर बसवून, आणि बहुधा ४० अंशांच्या हवेत. लाकडावर बसवलेली मोटार म्हणजे मे महिन्यात गोधडी पांघरून झोपलेला माणूस. भंगारातून १० मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पाट आणून भोके पाडली. खोलीच ४४ अंशांवर असेल तर छापील क्षमतेवर हक्क सांगू नये, म्हणून प्रवेगही थोडा कमी ठेवला. एका पाटामागे दोन मिनिटे जास्त जातात. जाऊ द्या.

आता पंखा. लावा, पण भुशाच्या बाजूने नव्हे. स्वच्छ बाजूने मोटारीच्या अंगावर वारा यावा, आणि अंगावरचा भुसा रोज कोरड्या ब्रशने झाडावा. कॉम्प्रेसरची हवा मोटारीच्या दांड्यावर किंवा एन्कोडरच्या जोडणीवर मारू नये, भुसा आत शिरतो. तापमान बोटाने मोजू नका. ६० अंशांना बोट ठरत नाही, पण ६० अंश म्हणजे मोटार जळाली असेही नाही. काही मोटारी याहून गरम चालतात, कागदपत्रांत दिलेली मर्यादा पाहावी. लाल ठिपक्याचा थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर कमी आकडा दाखवतो. तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर धरा. आतली गुंडाळी बाहेरच्या अंगापेक्षा बरीच गरम असते, हे धरून चाला.

आणि एक पहारेकरी ठेवा. ७० किंवा ७५ अंशांना उघडणारा छोटा थर्मल स्विच बाजारात स्वस्तात मिळतो. एरवी जोडलेला आणि तापल्यावर तुटणारा, असा मागा. म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबेल. तो मोटारीच्या अंगाला घट्ट आवळून मशीनच्या २४ व्होल्टच्या आपत्कालीन थांबा लाइनीत जोडा, घरच्या २३० व्होल्टमध्ये नव्हे. त्या लाइनीने स्पिंडलही बंद झाला पाहिजे. अक्ष थांबला आणि टूल एमडीएफमध्ये जागेवरच फिरत राहिले, तर तिथे धूर निघतो आणि पुढे आग. जिथे लेकरे झोपतात त्या खोलीत मशीन एकटे सोडून कोणीही बाहेर जाऊ नये, मग स्विच असो वा नसो.

संध्याकाळी पुन्हा चालवले. आधी वरच्या टोकाशी ८६ टक्क्यांवर जाणारा भार आता ३० च्या आत राहिला. तासाभराने टेपवर ५१ अंश. ताईंनी शिलाईच्या हिशेबाची वही काढली आणि मागच्या पानावर चार रकाने आखले : तारीख, खोलीचे तापमान, मोटारीचे तापमान, भार. "रोज मीच लिहीन," म्हणाल्या, "हा लिहिणार नाही." पोरगा हसला.

झेडच्या मोटारीला ब्रेक नाही. वीज गेली की डोके खाली घसरते. ब्रेकवाली मोटार पुढे पैसे जमतील तेव्हा घेतील. तोवर रात्री मशीन बंद करण्याआधी डोक्याखाली तो लाकडी ठोकळा ठेवायचा, असे ठरले. त्यावर मुलाने मार्करने लिहून ठेवले आहे : 'हलवू नये'.