दोनशे रुपये कुणाचे?

मंडळी, आज विषय जरा रुक्ष आहे, पण शेवटपर्यंत वाचा. पगारातून मालक जो व्यवसाय कर कापतो, त्याबद्दल लिहितोय. लोक त्याला 'पीटी' म्हणतात. आम्हा मास्तरांना पीटी म्हणजे मैदानावरची कवायत! असो.

कचारगडला माघ पौर्णिमेची यात्रा भरते. गावोगावचे गोंड बांधव पारी कुपार लिंगोला वंदन करायला गुहेपर्यंत चढतात आणि खाली धनेगावला दुकानं लागतात. यात्रा बहुधा फेब्रुवारीत येते. आपल्या भागातल्या दुकानांत पगारावर असलेल्या पोरांचे नेमके ह्याच महिन्यात दोनशेऐवजी तीनशे कापले जातात. पोरगा विचारतो, हे जास्तीचे शंभर कशाचे? मालकाला सांगता येत नाही.

उत्तर सोपं आहे. राज्यघटनेने 1988 पासून ह्या कराला वर्षाला 2500 रुपयांची मर्यादा घातली आहे. अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300, झाले 2500!

आता हे पैसे जातात कुठे? 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना हाती घेतली. वि. स. पागे यांची ती कल्पना. तिच्यासाठी पैसा हवा म्हणून 1975 साली हा कर आला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या बिनकामाच्या हातांना काम द्यावं, असा त्यामागचा विचार. माझ्याही पगारातून तो वर्षानुवर्षं कापला गेला आणि मला कधी दुःख झालं नाही. पासष्टीनंतर कायद्यानेच सुटका होते.

पण परवा ओळखीतले एक दुकानदार म्हणाले, "गुरुजी, कापतो तर मी बराबर, पण त्या कंप्युटरवर भरत कोण बसणार? आणि विचारतो कोण?"

मला हे अजिबात पटलं नाही. लग्नाला जाताना शेजाऱ्याने आहेराचं पाकीट आपल्या हाती दिलं, तर ते आपण खिशात घालतो का? मालक इथे फक्त पोचवणारा. कायदा तर असं म्हणतो की कापायला विसरलात तरी भरायची जबाबदारी तुमचीच. मग कापून ठेवून घेणं ह्याला काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. नोकरांसाठी नोंदणी वेगळी, स्वतःच्या धंद्यासाठी नावनोंदणी वेगळी आणि स्वतःचे 2500 वेगळे. छोट्या मालकाला विवरणपत्र वर्षातून एकदाच, मार्चअखेर भरायचं असतं. पण चुकलं तर हजार रुपयांपर्यंत विलंब शुल्क! एकाच नोकराचा वर्षाचा कर दोन-अडीच हजार, त्यापुढे हा दंड जड वाटणारच.

आणि खरा अन्याय पुढेच आहे. पुरुषाचा पगार 7500 च्या वर गेला की महिन्याला 175 रुपये आणि दहा हजारांच्या वर गेला की वर्षाचे पूर्ण 2500. साडेदहा हजारवाला पोरगा 2500 देतो आणि लाखभर पगाराचा साहेबही तेवढेच देतो! एकाला हे शेकडा दोनच्या जवळपास पडतं, दुसऱ्याला शेकडा पाव सुद्धा नाही. 2023 साली सरकारने महिलांची करमुक्त मर्यादा दहा हजारांवरून पंचवीस हजारांवर नेली, फार चांगलं केलं. तीच मर्यादा पुरुषांनाही लावायला काय हरकत आहे? गरिबाला काम मिळावं म्हणून आणलेला कर गरिबाच्याच पगारातून जावा, हे बरं दिसत नाही. शिवाय पंचवीस हजारांच्या आतलेच नोकर असलेल्या दुकानदारांची नोकरांपुरती कटकटही आपोआप मिटेल.

तोवर मात्र माझं मत पक्कं आहे. कापलेले दोनशे रुपये दुकानाच्या गल्ल्यात राहता कामा नयेत. नात्यातल्या ज्यांची दुकानं, हॉटेलं आहेत त्यांना हक्काने सांगतो : कर भरा आणि कापलेल्या रकमेची साधी चिठ्ठी का होईना, पोराच्या हातात द्या. त्याचा पगार लहान असेल, पण आपला पैसा कुठे गेला हे विचारायचा त्याचा हक्क लहान नाही.