गोळ्या वाढल्या, भीती आटली

‘रेसिडेंट ईव्हिल ६’ हा गेम २ ऑक्टोबर २०१२ रोजी बाजारात आला, तेव्हा कॅपकॉम या जपानी कंपनीने काहीही हातचे राखले नव्हते. त्यावर ६००हून अधिक माणसे राबली होती. चार स्वतंत्र कथानके, अमेरिकेपासून पूर्व युरोप आणि चीनपर्यंत पसरलेली लढाई, कोसळणारी विमाने, गाड्यांचे पाठलाग. मार्च २०१३पर्यंत ७० लाख प्रती खपतील, हा कंपनीचा अंदाज आधी ६० आणि मग ५० लाखांवर आणावा लागला. समीक्षकांत दुमत होते. जुन्या चाहत्यांचे मुख्य गाऱ्हाणे मात्र साधे होते: भीतीच वाटत नाही.

ते गाऱ्हाणे रास्त होते. मालिकेच्या १९९६च्या पहिल्या गेममध्ये जिल या नायिकेला आठ वस्तू बाळगता येत, क्रिस या नायकाला फक्त सहा. किल्ली, औषधी वनस्पती, काडतुसे, सगळे त्यातच बसवायचे. खेळ जतन करायचा तर टाइपरायटरची रिबन लागे आणि तीही मोजकीच. कॅमेरा जागचा हलत नसे. वळणापलीकडचा झोंबी दिसण्याआधी त्याचे पाय घासत येणे ऐकू येई. उरलेल्या तीन गोळ्या इथे खर्चायच्या, की अंग चोरून निसटायचे? खेळणाऱ्याचा घसा कोरडा पडे तो या निर्णयापाशी. राक्षसाचे रूप त्यानंतरचे.

सहाव्या भागाने हा निर्णयच काढून घेतला. गोळ्या संपल्या तर नायक लाथाबुक्क्यांनी झोंबी लोळवतो. बहुतेक वेळ सोबतीला जोडीदार असतो. संकट आले की पडद्यावर सांगितलेले बटण दाबायचे. चार कथानकांपैकी लिऑन या नायकाच्या कथेची सुरुवात खरोखर चांगली आहे: झोंबी झालेल्या राष्ट्राध्यक्षावर त्याला गोळी झाडावी लागते आणि मग विद्यापीठाच्या अंधाऱ्या दालनांतून वाट काढावी लागते. तेवढा काळ जुनी धडधड परतते. पुढे स्फोटांमागून स्फोट होत राहतात आणि तोच शत्रू मरून पुन्हा उठतो, इतक्यांदा की त्याचा कंटाळा यावा.

हे अपघाताने घडले नाही. २०१२मध्येच मालिकेचे एक निर्माते मासाचिका कावाता यांनी उघड म्हटले होते, की ‘कॉल ऑफ ड्यूटी’सारख्या युद्धाच्या गेमच्या तुलनेत सर्व्हायव्हल हॉररची, म्हणजे जीव वाचवत तगून राहण्याच्या भयखेळांची, बाजारपेठ लहान आहे. खर्च अफाट, तेव्हा गिऱ्हाईकही अफाट हवे, ही कंपनीची अडचण समजण्यासारखी आहे. पण ज्याला ‘कॉल ऑफ ड्यूटी’ हवा होता, त्याच्याकडे तो होताच. उलट २०१०मध्ये एका छोट्या स्वीडिश स्टुडिओने ‘अम्नेशिया’ काढला होता. त्यात एकही शस्त्र नाही, तरी लोकांनी तो उचलून धरला. ही मागणी कॅपकॉमला दिसायला हवी होती.

सहावा भाग पुढे वर्षानुवर्षे खपत राहिला आणि त्याने १ कोटीचा टप्पाही ओलांडला, हे नोंदवले पाहिजे. त्यातली हातघाईची लढाई मुरलेल्या खेळाडूला आजही गुंतवते. ती मारधाड म्हणून सरस आहे. भयकथा म्हणून नाही.

जानेवारी २०१७मध्ये सातवा भाग आला. लुइझियानातले एक कुजके घर, त्यातले एक कुटुंब आणि बेपत्ता बायकोला शोधायला आलेला इथन. तो सैनिक नाही, पोलीस नाही. सुरुवातीला त्याच्या हातात बंदूकही नाही. याही गेमच्या १ कोटीहून अधिक प्रती खपल्या.