विश्लेषण : बाळाची नाळ लगेच कापावी की थांबावं? आणि मग ‘ब्लड गॅस’ तपासणीचं काय?

पिंपळे गुरव-सांगवी भागात प्रसूतीसाठी पर्याय कमी नाहीत. खासगी प्रसूतिगृहं आहेत, औंधचं जिल्हा रुग्णालय जवळ आहे, पिंपरीत महापालिकेचं वायसीएम आहे. नॉर्मल की सिझेरियन, खोली कुठली, खर्च किती, यावर घरोघरी चर्चा होते. नाळ कधी कापणार, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. हा प्रश्न एक ते तीन मिनिटांचा असला, तरी त्याचा परिणाम काही महिने टिकतो.

थांबल्याने काय मिळतं?

बाळ बाहेर आल्यावरही वारेतलं रक्त नाळेतून त्याच्याकडे येत राहतं. पहिल्या मिनिटात साधारण ८० मिलिलिटर, तीन मिनिटांपर्यंत सुमारे १००. तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्तच अडीचशे मिलिलिटरच्या आसपास असतं, म्हणजे हा वाटा मोठा आहे. त्यातलं लोह बाळाला पुढचे काही महिने पुरतं. स्वीडनमध्ये ४०० बाळांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नाळ तीन मिनिटांनी बंद केलेल्या बाळांमध्ये चौथ्या महिन्यात लोहाची कमतरता ०.६ टक्के होती, तर १० सेकंदांत बंद केलेल्यांमध्ये ५.७ टक्के.

महाराष्ट्रात हा मुद्दा जास्त गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार राज्यातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. आधीच्या सर्वेक्षणात हा आकडा ५३.८ होता. जागतिक आरोग्य संघटना किमान एक मिनिट थांबायला सांगते. २०१८ च्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमातही उशिरा नाळ बांधण्याचा समावेश आहे. यासाठी ना औषध लागतं, ना यंत्र.

मग अडचण कुठे?

बाळंतपणात बाळाला ऑक्सिजन कमी पडला का, हे नाळेच्या रक्तावरून कळतं. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते. धमनीतलं रक्त बाळाकडून वारेकडे जातं, म्हणून बाळाची खरी स्थिती तेच सांगतं. त्याचा पीएच ७.० च्या खाली आणि बेस डेफिसिट १२ किंवा त्याहून जास्त असेल, तर धोक्याची घंटा. पीएचचं मोजमाप लॉगरिदमिक असतं, ०.३ ने घसरला म्हणजे आम्लता दुप्पट. म्हणून दशांशातला फरकही मोठा.

नाळ चालू ठेवली, तर मिनिटागणिक हे आकडे सरकतात. निरोगी बाळांमध्ये पीएच शतांशांनी खाली येतो, बेस डेफिसिट थोडं वाढतं. पुढे वाद झाला तर रिपोर्ट कागदावर विनाकारण वाईट दिसेल, ही डॉक्टरांची भीती अनाठायी नाही. पण ती लगेच चिमटा लावण्याचं कारण ठरत नाही. ३० ते ६० सेकंद थांबल्याने निकालाचा अर्थ सहसा बदलत नाही. धडधडत्या नाळेतून बारीक सुईने नमुना घेता येतो. किंवा नंतर नाळेचा तुकडा दोन्हीकडून बंद करून ठेवला, तर त्यातलं रक्त साधारण तासभर तपासणीयोग्य राहतं. मात्र नाळ किती सेकंदांनी बांधली, ते केसपेपरवर लिहिलेलं हवं. त्याशिवाय तो आकडा अर्धवटच.

खासगी कॉर्ड ब्लड बँकांचा मुद्दा वेगळा. पिशवी भरायची तर रक्त वारेत उरायला हवं, आणि थांबलं तर ते बाळाकडे जातं. स्वतःच्या बाळासाठी भविष्यात वापरायला हे रक्त साठवण्यास शास्त्रीय आधार नाही, असं आयसीएमआर सांगते. हजारो रुपयांचं पॅकेज घेण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

कधी थांबू नये?

आईला जोरदार रक्तस्राव होत असेल, वार आधीच सुटली असेल, नाळ तुटली असेल किंवा बाळाला तातडीने कृत्रिम श्वास द्यावा लागणार असेल, तर डॉक्टर लगेच नाळ कापतात. थांबलेल्या बाळांमध्ये कावीळ किंचित जास्त दिसते, त्यामुळे पहिल्या आठवड्यातली तपासणी चुकवू नये. अगदी अपुऱ्या दिवसांच्या बाळाची नाळ पिळून रक्त ढकलण्याचा शॉर्टकट धोकादायक ठरला आहे. २८ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांमध्ये मेंदूत रक्तस्राव वाढल्याने एका चाचणीत तो भाग थांबवावा लागला होता.