भीमाकाठचा देहदंड आणि मुख्यमंत्र्यांस एक विनंती

१/ दौंड तालुक्यातून भीमेच्या पैलतीरी पाहिले, की पेडगावचा बहादूरगड. फेब्रुवारी १६८९ मध्ये कैद झालेल्या छत्रपती संभाजी महाराजांना येथेच औरंगजेबासमोर आणले गेले. त्यांची समाधी शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे आहे. भीमाकाठचा हा इतिहास देहदंडाचाही इतिहास आहे.

२/ ११ मार्च १६८९. बादशहाचा हिशेब सरळ होता: राजाला हालहाल करून मारले, की प्रजा भयाने शरण येईल. घडले उलटे. संताजी, धनाजी, महाराणी ताराबाई लढत राहिले आणि १७०७ मध्ये औरंगजेबच भिंगारला मरण पावला.

३/ कोणी विचारील, छत्रपती आणि आजचा खुनी यांची तुलना कशी? ती मुळीच नाही. प्रश्न आहे तो मरणाच्या धाकावर विसंबणाऱ्या सत्तेचा.

४/ ‘बादशहा मर्जीने मारी, न्यायालय पुरावा पाहते,’ हेही मान्य. मग न्यायालयाचाच दाखला घेऊ. नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या एका गुन्ह्यात भटक्या समाजातील सहा जण दोषी ठरले. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशीच सुनावली.

५/ ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवले. साक्षीदाराने छायाचित्रांवरून ओळखलेल्या अन्य चौघांचा धड तपासही झाला नव्हता. राज्य शासनाने प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला. मधल्या दहा वर्षांत दोर ओढला गेला असता, तर ती भरपाई कोणाच्या हाती ठेवली असती?

६/ ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फाशीच रद्द करण्याच्या बाजूने आपला कौल दिला होता. तरीही २०२१ मध्ये आपल्या विधिमंडळाने संमत केलेल्या शक्ती विधेयकात फाशीची तरतूद होतीच.

७/ मुख्यमंत्री महोदय, पीडितांच्या दुःखाचा विसर पडावा, असे आम्ही म्हणत नाही. त्यांना अचूक तपास आणि वेळेवर न्याय हवा. चुकीच्या माणसाचा बळी त्यांनाही न्याय देत नाही.

८/ आपल्या हाती दोन गोष्टी आहेत. अनुच्छेद १६१ अन्वये राज्यपालांना सल्ला देताना मंत्रिमंडळाने फाशीऐवजी जन्मठेपेची शिफारस करावी. आणि देहदंड रद्द करण्याची मागणी करणारा ठराव विधिमंडळात मांडून केंद्राकडे धाडावा.

९/ वढूच्या समाधीपुढे आपण दरवर्षी नतमस्तक होतो. भयाने राज्य चालत नाही, हे तेथे शिकलेल्या महाराष्ट्राने हा ठराव करावा.