एक्स्चेंज ऑफर

‘जुना टीव्ही द्या, नवा घेऊन जा!’ दसरा-दिवाळीच्या असल्या जाहिराती बघत आपण मोठे झालो. एक्स्चेंज ऑफर म्हटलं की आजही आपले कान टवकारतात. तर मंडळी, सध्या मीही एका एक्स्चेंज ऑफरमध्ये आहे. द्यायची आहे माझी डावी किडनी. आणि ज्यांना द्यायची आहे, त्या गृहस्थांना मी आजवर मोजून तीनदा भेटलोय.

थांबा, पान उलटू नका. मी काही संतबिंत नाही. कुणी कट मारून पुढे गेला की गाडीच्या काचा बंद करून मनसोक्त शिव्या घालणारा, शुक्रवारी दुपारपासूनच वीकेंडचे वेध लागणारा, तुमच्यासारखाच एक हिंजवडीकर आहे. हे सगळं सुरू झालं ते अण्णांमुळे. म्हणजे माझ्या वडिलांमुळे.

आमचं गाव तामलवाडी. सोलापूरहून तुळजापूरला गेला असाल तर वाटेत लागलं असेल. जिल्हा धाराशिव, पण बाजार, कॉलेज, दवाखाना, सगळ्याला सोलापूर. गेली दोन वर्षं अण्णा आठवड्यातून तीनदा सोलापूरला जातात. डायलिसिसला. चार तास मशीनवर, जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. त्यांच्या मनगटाजवळ फिस्टुला केलाय, म्हणजे तिथली शीर आणि धमनी एकमेकींना जोडल्यात. त्यावर कान ठेवला की जात्यासारखी घरघर ऐकू येते. माझी भाची त्याला ‘आजोबांचा व्हायब्रेट मोड’ म्हणते.

सगळ्यात वाईट हाल पाण्याचे. किडनी काम करत नसली की प्यालेलं पाणी अंगातच साचतं, म्हणून ते मोजून प्यायचं. अण्णांचा कोटा दिवसाला एक लिटर. चहा आणि आमटी त्यातच. एप्रिल महिन्यात, तामलवाडीत! करा कल्पना.

मग यावर कायमचा इलाज? प्रत्यारोपण. मी ताबडतोब ‘माझी घ्या’ म्हणून मोकळा. सिनेमात याच्या पुढचा सीन थेट ऑपरेशन थिएटरचा असतो. आमचा पुढचा सीन होता पॅथॉलॉजी लॅबचा. अण्णांचा रक्तगट बी, माझा ए. विषय संपला. आईचा रक्तगटही ए, शिवाय तिला शुगर. ताईचा एबी, तोही चालत नाही. एका घरात तीन इच्छुक उमेदवार आणि तिघांचेही अर्ज बाद! रक्तगट जुळत नसतानाही आता प्रत्यारोपण करता येतं; पण त्यासाठी जादा औषधं, जादा खर्च आणि संसर्गाची जादा भीती. अण्णांच्या बाबतीत डॉक्टरांना ते नको होतं.

तेव्हा त्यांनी ‘स्वॅप’ हा शब्द काढला. सांगलीकडचं एक जोडपं होतं. काकांच्या किडन्या गेलेल्या, रक्तगट ए. काकू द्यायला तयार, पण त्यांचा रक्तगट बी. आलं लक्षात? काकूंची अण्णांना आणि माझी काकांना. शाळेत डबे बदलायचो तसं. ऐकायला इतकं सोपं वाटलं की मला वाटलं, पुढच्या महिन्यात ऑपरेशन आणि दिवाळीला फराळ.

मग कळलं की खरी तयारी आत्ता कुठे सुरू होतेय.

आपल्याकडे मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. त्यात स्वॅपला जागा मिळाली २०११ च्या दुरुस्तीने. अट अशी, की दोन्हीकडचे दाते आपापल्या पेशंटचे जवळचे नातेवाईक हवेत. जवळचे म्हणजे आईवडील, मुलं, भाऊबहीण, नवरा-बायको, आजीआजोबा आणि नातवंडं. त्यामुळे ज्यांच्याशी ३१ वर्षं भांडलो ते माझे वडीलच आहेत, हे मला कागदोपत्री सिद्ध करावं लागलं. रेशन कार्ड, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला. दाखल्यावर अण्णांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं, आधारवर वेगळं. त्या एका अक्षराने आमचे तीन आठवडे खाल्ले.

माझ्या टीममधल्या एका मैत्रिणीने विचारलं, ‘पण समजा मला उद्या वाटलं, कुणा अनोळखी माणसाला किडनी द्यावी, काही न घेता, तर?’ असं करणारे लोक आहेत हो. केरळात २००९ मध्ये फादर डेव्हिस चिरमेल यांनी ओळख ना पाळख अशा एका माणसाला किडनी दिली. २०११ मध्ये तिथलेच उद्योगपती कोचुसेफ चिट्टिलपिल्ली यांनी एका ट्रकचालकाला दिली आणि त्या ट्रकचालकाच्या बायकोने आपली आणखी एका पेशंटला. एका माणसाच्या ‘हो’मुळे पुढे साखळीच लागली.

पण हे प्रकरण फॉर्म भरला की झालं, इतकं सोपं नाही. नातं नसेल तर दात्याला प्राधिकार समितीपुढे उभं राहावं लागतं. २०१४ च्या नियमांनुसार समिती विचारते, तुमचा एकमेकांशी संबंध काय? त्याचा पुरावा काय? दोघांचे एकत्र जुने फोटो आहेत का? दोघांच्या गेल्या तीन वर्षांच्या मिळकतीचे कागद दाखवा. मध्ये कुणी एजंट नाही ना? दात्याच्या घरच्यांना हे माहीत आहे का आणि त्यांची काही हरकत आहे का? आता मला सांगा, अनोळखी माणसाबरोबरचा जुना फोटो आणायचा कुठून?

मैत्रीण वैतागली. ‘म्हणजे चांगलं काम करायचं तरी आधी चोर नाही हे सिद्ध करा!’ मीही आधी असाच तणतणलो होतो. मग जुनी प्रकरणं वाचली. २०१५ मध्ये अकोल्यात सावकाराच्या कर्जात अडकलेल्या गरिबांच्या किडन्या विकल्या गेल्याचं उघड झालं. २०२२ मध्ये तर आपल्या पुण्यात कोल्हापूरच्या एका बाईंना पेशंटची बायको म्हणून उभं केलं. कबूल केलेले १५ लाख रुपये मिळाले नाहीत म्हणून त्यांनी तक्रार केली, तेव्हा सगळं बाहेर आलं. आणि ऐका, ते प्रत्यारोपणही स्वॅपच होतं. आमच्यासारखंच, दोन घरांचं.

तेव्हा माझा आवाज बसला. कारण सोयाबीनचा भाव पडला की कर्जात बुडालेला माणूस तामलवाडीतही सापडतो. आणि पैसे टाकून ‘दाता’ शोधणारा माणूस बहुतेक वेळा शहरातला असतो. म्हणजे तुमच्याआमच्यातलाच. समितीचे ते खवचट प्रश्न माझा अपमान करायला नसतात. ते माझ्या गावच्या माणसाला वाचवायला असतात. मी निमूटपणे स्पेलिंग दुरुस्त करून आणलं.

कागदांच्या जोडीला तपासण्या. रक्त, लघवी, एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी, मग दोन्ही किडन्या किती काम करतात ते बघणारा स्कॅन, मग रक्तवाहिन्यांची सीटी अँजिओग्राफी. शिवाय क्रॉसमॅच, म्हणजे काकांचं रक्त माझ्या पेशींवर तुटून पडतंय का, ते बघायचं. नाही पडलं. इतकी कसून तपासणी आपल्या कुठल्याही कंपनीच्या ‘हेल्थ चेकअप’मध्ये होत नाही. डावी का? तर डाव्या किडनीची शीर लांब असते, सर्जनला जोडायला सोपी जाते. ऑपरेशन दुर्बिणीतून. दात्याची किडनी अशी काढायला १९९५ मध्ये अमेरिकेत सुरुवात झाली. चार-पाच दिवस हॉस्पिटल, चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा डेस्कवर. उरलेली किडनी थोडी मोठी होते आणि जादा काम अंगावर घेते. (टीममधल्या एखाद्याने राजीनामा दिला की आपलं होतं तेच.)

आणि धोका? मी सरळ विचारलं, डॉक्टरांनी सरळ सांगितलं. अमेरिकेतल्या नोंदींनुसार पूर्वी १० हजार दात्यांमागे साधारण तिघांचा जीव जायचा. अलीकडच्या वर्षांत ते प्रमाण एकाच्याही खाली आलंय. पुढे आयुष्यभर बीपीवर नजर, वर्षाला एक तपासणी आणि डोकं दुखलं की मनाला येईल ती पेनकिलर बंद. शेवटी ते म्हणाले, ‘अगदी टेबलावर जाईपर्यंत नाही म्हणता येईल. आम्ही बाहेर एवढंच सांगू, की वैद्यकीय कारणाने जमत नाही.’ हे ऐकून मला उलट बळ आलं. दार उघडं आहे म्हटल्यावर बसणं सोपं जातं.

ऑफिसात मात्र जाम मजा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याने अवयव दिला तर २०२३ पासून त्याला ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा मिळते. आमच्या एचआरच्या पॉलिसीत मॅटर्निटी आहे, पॅटर्निटी आहे, अगदी बर्थडे लीव्हसुद्धा आहे. किडनी लीव्ह नाही. शेवटी ‘सिक लीव्ह’ टाकली. मी आजारी नाही, तरीही. तामलवाडीला आत्याचं टेन्शन वेगळंच. ‘आरं, लगीन व्हायचंय अजून तुझं. पोरीकडच्यास्नी सांगायचं का लपवायचं?’ म्हटलं, सांगायचं. बायोडेटात उंची आणि पगार यांच्या मध्ये एक ओळ वाढवू.

समितीपुढे आईलाही बोलावलं होतं. समोर कॅमेरा. या मुलाखतींचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं. आई पदर सावरून बसली. ‘मुलाने किडनी द्यायला तुमची काही हरकत?’ मी श्वास रोखला.

‘हाय की हरकत. दोघं बी माझेच हायत. पर एकाला कापल्याबगर दुसरा बरा हुईना, मग हरकत घिऊन करू काय? लिवून घ्या आन् पुढं चला.’

परवानगी मिळाली.

पण खरा प्रश्न त्याआधीच्या समुपदेशनात आला होता. मॅडम शांतपणे म्हणाल्या, ‘समजा, तुमची किडनी त्या गृहस्थांना छान लागू पडली आणि तुमच्या वडिलांना मिळालेली चालली नाही. तर?’ मी फटकन म्हणालो, ‘मला कल्पना आहे.’ परीक्षेत पाठ केलेलं उत्तर लिहितात तसं. त्या रात्री झोप आली नाही. लॅपटॉप उघडून मी चक्क तुलना केली. माझी किडनी ३१ वर्षांची, काकूंची ५२ वर्षांची. आपण तोट्यात. काका धडधाकट होऊन सांगलीत फिरतायत आणि अण्णा पुन्हा सोलापूरला मशीनवर, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. ज्या माणसाने माझं काही वाकडं केलं नव्हतं, त्याचा मला त्या रात्री राग आला. हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

मग कोजागिरी आली. दरवर्षी सोलापूरहून आणि पार कर्नाटकातून लोक तुळजापूरला चालत येतात, आई राजा उदो उदो करत. गाड्या दुसऱ्या रस्त्याने वळवतात. अण्णांना सोलापूरला वळशाने न्यायचं म्हणून मी सुट्टी टाकून घरी आलो होतो. रात्री रस्त्यावर ही गर्दी. गावकरी चहा, केळी, पाणी घेऊन कडेला उभे. अण्णाही होते, पिंपाशेजारी खुर्ची टाकून. दरवर्षी ते उभे असायचे, या वर्षी बसलेले. येईल त्याला तांब्याने पाणी देत होते. स्वतःचा एक लिटरचा कोटा संध्याकाळीच संपलेला.

मी शेजारी बसलो आणि विचारलंच, ‘अण्णा, काकूंची तुम्हाला नाहीच लागली तर?’

त्यांनी पुढच्या माणसाच्या ओंजळीत पाणी ओतलं. मग म्हणाले, ‘तर मग तुजी त्यास्नी लागली आसंल की.’

आणि पुढच्याला हाक मारली.

लॅपटॉपवरची ती फाइल मी पुण्याला आल्यावर डिलीट केली. भीती गेली असं नाही म्हणत. पण त्या काकांचा राग तेवढा गेला. परवा त्यांचा फोन आला होता. दोघांनाही काय बोलावं सुचेना. शेवटी ते म्हणाले, ‘जेवलात का?’ म्हटलं, जेवलो. म्हणाले, ‘बरं केलंत.’

ऑपरेशन येत्या मंगळवारी. चार माणसं, एकच दिवस. दोन्ही किडन्या एकाच वेळी काढायला घेणार, म्हणजे एकीकडचं झाल्यावर दुसरीकडे कुणी मागे फिरायला नको. बॅग भरून झालीय: सैल पायजमे, चार्जर, आईने दिलेला अंगारा. तेव्हा पुढचे काही आठवडे हा कॉलम सुट्टीवर. परत आलो की दोन्ही घरांची खबर देतो, जशी असेल तशी.

तोवर एक काम करा. आत्ता उठा आणि ग्लासभर पाणी प्या. न मोजता.