चाचा म्हणायचे कोणाला?

मराठीत मुलांसाठी सागरी साहसाचे चित्रपुस्तक करायचे म्हटले, की पहिला अडथळा शब्दाचाच येतो. 'पायरेट'साठी आपल्याकडे 'चाचा' हा शब्द आहे. परंतु टिटवाळ्याच्या एखाद्या सहा वर्षांच्या मुलाला 'चाचे आले!' असे वाचून दाखवले, तर शेजारच्या हिंदीभाषक मित्राचे काका आले असेच त्याला वाटेल. 'चाचेगिरी' हा शब्द वर्तमानपत्री मराठीत टिकला आहे. बालवाचकाच्या कानी तो पडत नाही. मग अनुवादक 'पायरेट' लिहून मोकळा होतो आणि शब्दासोबत आयते चित्रही येते: डोळ्यावर काळी पट्टी, खांद्यावर पोपट, कवटीचे निशाण.

हे चित्र इतिहासापेक्षा लेखक-चित्रकारांनी अधिक घडवले. स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड' १८८३ साली पुस्तकरूपाने आली. सिल्व्हरची कुबडी आणि पोपट तिथले. पुढे हॉवर्ड पाइल आणि त्याचा शिष्य एन. सी. वायथ यांनी पेहराव पक्का केला. मेलिंडा लाँग आणि चित्रकार डेव्हिड शॅनन यांच्या 'हाउ आय बिकेम अ पायरेट' (२००३) या चित्रपुस्तकात तर पायरेट म्हणजे शिस्तीतून सुटका. जहाजावर भाज्या खाण्याची सक्ती नाही. पण रात्री पांघरूण घालायला आणि गोष्ट वाचून दाखवायलाही कोणी नाही. पुस्तक उत्तमच आहे. प्रश्न इतकाच, की आपल्या किनाऱ्यावर हा शब्द इतका निरागस आहे काय?

कोकणच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपले दस्तक घ्यावे, हा कान्होजी आंग्रे यांचा आग्रह होता; दस्तक नसलेले जहाज ते पकडत. पोर्तुगीजांनी त्यांच्या कितीतरी आधी 'कार्ताझ' नावाचे असेच परवाने सक्तीचे केले होते. तरीही इंग्रजी कागदपत्रांत पायरेट ठरले ते आंग्रे. १७१७ ते १७२१ या काळात मुंबईकर इंग्रजांनी विजयदुर्ग, खांदेरी आणि, पोर्तुगीजांच्या साथीने, कुलाबा या ठिकाणांवर चाल केली. एकही हाती लागले नाही. याच समुद्रात १६९५ मध्ये मक्केहून सुरतेला परतणारे 'गंज-इ-सवाई' हे मोगल जहाज लुटणारा हेन्री एव्हरी मात्र इंग्रज होता. तेव्हा 'चाचा' हे जातिवाचक नाम नसून तो एक आरोप आहे, आणि आरोप कोण करतो यावर त्याचा अर्थ ठरतो.

या आरोपाला आपण दिलेले उत्तर पुतळ्याचे आहे. भारतीय नौदलाच्या मुंबईतील तळाला १९५१ मध्ये आंग्रे यांचे नाव दिले गेले, ते योग्यच झाले. मनोहर माळगावकरांच्या इंग्रजी चरित्राचा अनुवाद पु. ल. देशपांड्यांनी केला; पण तो प्रौढांसाठी. मुलांच्या वाट्याला बहुधा तलवार उगारून नाळेवर उभे असलेले सरखेल येतात. मुलाने त्यांना मुजरा करावा; गलबतावर चढू नये. एकीकडे परक्या पायरेटची गंमत, दुसरीकडे आपल्या वीराची आरती. दोन्हीकडे मुलाला विचारण्यासारखे काही उरत नाही.

वास्तविक या विषयाला चित्रपुस्तकाइतका योग्य प्रकार दुसरा नाही. शब्द एक सांगतात आणि चित्र दुसरेच दाखवते, ही त्याची खरी शक्ती. पॅट हचिन्सच्या 'रोझीज वॉक'मध्ये (१९६८) कोंबडीच्या मागावर असलेल्या कोल्ह्याचा मजकुरात उल्लेखही नाही. तो फक्त मुलालाच दिसतो. हीच रीत इथे वापरून पाहावी. डाव्या पानावर कंपनीचा कारकून लिहितो, 'आज चाच्यांनी आमचे जहाज लुटले'. चित्रात आंग्र्यांचा माणूस दस्तक मागतो आहे आणि कप्तान रिकामे खिसे उलटे करतो आहे. उजव्या पानावर सरखेलांचा कारकून लिहितो, 'जकात वसूल केली'. चित्रात भेदरलेला, ओलाचिंब खलाशी. निवाडा मुलाने करावा.

आरंभही दूर शोधायला नको. टिटवाळ्याची काळू नदी उल्हासला मिळते आणि उल्हास पुढे कल्याणच्या खाडीत उतरते. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांच्या आरमाराची जहाजे याच खाडीपट्ट्यात बांधली जाऊ लागली. त्या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. टिटवाळ्यात गणपतीच्या देवळामागची शकुंतलेची आख्यायिका सांगितली जाते. त्याच पाण्यावरच्या सुतारांची गोष्टही सांगता येईल. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'ने घरातल्या साध्या तपशिलांवर चित्रपुस्तक उभे राहते हे दाखवले आहे. करवत, डांबर, शिडाचे कापड यांवरही ते राहील.

यावर दोन आक्षेप येतील. एक, लहान मुलांना हे कळणार नाही. परंतु 'तू घेतलेस' आणि 'माझेच होते' हा वाद बालवाडीत रोजचा आहे. दुसरा आक्षेप अधिक अवघड: सरखेलांच्या नावापुढे 'चाचा' हा शब्द प्रश्नचिन्हासह छापला तरी कोणाच्या तरी भावना दुखावतील. प्रकाशकांची ही भीती खोटी नाही. पण शत्रूने दिलेले नाव मुलांपासून लपवले, तर ते का दिले गेले हेही लपते. १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग इंग्रजांनी घेतला तो पेशव्यांशी हातमिळवणी करून, हे पुढे कधीतरी वाचताना अशा मुलाजवळ केवळ धक्का असेल, विचाराची सवय नसेल. ही सवय लावण्याचे काम पाठ्यपुस्तकावर सोपवून भागणार नाही. ते बत्तीस पानांच्या, चित्रांनी भरलेल्या पुस्तकानेच अंगावर घ्यायला हवे.