बाप्तिस्म्याआधीची वर्षे

ग्वाल्हेरच्या किला गेटाहून गडाचा चढ चढताना वाटेत चतुर्भुज मंदिर लागते. इसवी सन ८७६च्या त्याच्या शिलालेखात शून्य कोरलेले आहे. गडाच्या कड्यांत जैन तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती आहेत, माथ्यावर दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे, आणि खाली हजीरा भागात सोळाव्या शतकातले सूफी महंमद गौस यांची कबर आहे. याच गौस यांनी ‘अमृतकुंड’ या योगविषयक ग्रंथाला ‘बहर अल-हयात’ या नावाने फारसी रूप दिले. दुसऱ्याच्या धर्माविषयी बोलण्याआधी त्याचा ग्रंथ समजून घ्यावा आणि त्यासाठी कष्ट उपसावेत, ही रीत या परिसराला नवी नाही. आज मात्र ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला की चर्चा आमिष आणि जबरदस्ती या दोन शब्दांपाशीच अडते. आरोप करणारे आणि आरोप खोडणारे दोघेही एक गोष्ट विसरतात. ती म्हणजे श्रद्धा स्वीकारणाऱ्या माणसाचे मन. ख्रिस्ती श्रद्धा आणि तिच्यातून उभी राहणारी सेवा यांची खरी कसोटी या मनाच्या तयारीत असते. ती तयारी वाचनाने, प्रश्नांनी आणि वेळ दिल्याने होते. मराठी ख्रिस्ती परंपरेचा पाया याच तयारीवर घातला गेला, आणि आजच्या मंडळ्यांनी ती शिस्त पुन्हा अंगी बाणवायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

याचा सर्वांत ठळक दाखला ग्वाल्हेरच्या शेजारचाच आहे. नीलकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ साली झाशीजवळ एका चित्पावन कुटुंबात झाला आणि ते वाढले काशीत. शास्त्रांत पारंगत असलेला हा तरुण मिशनऱ्यांकडे गेला तो त्यांचे मत खोडून काढायला. जॉन म्यूर यांनी संस्कृतात लिहिलेल्या ‘मतपरीक्षा’ या ग्रंथाला त्यांनी १८४४-४५च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून संस्कृतातूनच उत्तर दिले. खंडन नीट व्हावे म्हणून त्यांनी बायबल वाचले आणि विल्यम स्मिथ या मिशनऱ्याशी दीर्घकाळ वाद केला. या वादातच त्यांचे मत हळूहळू पालटले आणि मार्च १८४८मध्ये जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वयाची पंचविशीही न गाठलेल्या माणसाने घर, जात आणि पांडित्याची प्रतिष्ठा पणाला लावली, ती काही वर्षांच्या झगड्यानंतर. पुढेही त्यांनी घाई केली नाही. षड्दर्शनांची चिकित्सा करणारा त्यांचा ग्रंथ १८६०च्या सुमारास आला, आणि धर्मगुरू म्हणून त्यांची दीक्षा १८७०मध्ये झाली, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर तब्बल दोन दशकांनी. शंका त्यांना आयुष्यभर छळत राहिल्या. त्या त्यांनी लपवल्या नाहीत आणि त्यांच्यापायी सेवाही सोडली नाही. तयार मन म्हणजे शंका संपलेले मन, हा समज गोरे यांच्या चरित्रापुढे टिकत नाही.

गोरे यांनी जे सोसले त्याचा उपयोग दुसऱ्या एका मोठ्या मनाला झाला. पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या तेव्हा ख्रिस्ती होण्याचा त्यांचा निश्चय नव्हता. सिलचरला असताना बंगाली भाषेतले लूकचे शुभवर्तमान त्यांच्या हाती आले होते, कुतूहल जागे झाले होते, पण बुद्धीचे समाधान झाले नव्हते. ते करण्यात गोरे यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता, हे रमाबाईंनी स्वतः नमूद केले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरही तिथे त्यांना आश्रय देणाऱ्या सिस्टर जेराल्डीन आणि इतर धर्माधिकाऱ्यांशी त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चची सत्ता या प्रश्नांवर त्यांचा पत्रव्यवहार धारदारपणे चालूच राहिला. ज्यांनी आश्रय दिला त्यांच्यापुढेही त्यांनी विचार गहाण टाकला नाही. ही हट्टी, प्रामाणिक चिकित्सा हाच रमाबाईंच्या पुढच्या कामाचा कणा आहे. १८८९मध्ये मुलींसाठी शारदा सदन, पुढे केडगावचे मुक्ती मिशन, आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर: एवढे काम भावनेच्या एका लाटेवर उभे राहत नाही. त्या भाषा त्यांनी उतारवयाकडे झुकताना आत्मसात केल्या, आणि ते भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४मध्ये प्रसिद्ध झाले.

नारायण वामन टिळकांची वाटही अशीच लांबची. १८९३मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेत भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारावले, पण लगेच बाप्तिस्म्याला धावले नाहीत. त्यांनी वाचले, पत्रे लिहून प्रश्न विचारले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत निर्णय घेतला. त्याहून बोलका दाखला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा आहे. पती ख्रिस्ती झाला म्हणून पत्नीही झाली, असे त्यांच्या बाबतीत घडले नाही. ताटातुटीची वर्षे गेली, पुन्हा एकत्र संसार सुरू झाला तरी सोवळेओवळे सुटले नव्हते. जातिभेद माणसाने निर्माण केला की देवाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी सोडवला आणि मगच १९००मध्ये बाप्तिस्मा घेतला. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या या बाईने मनाची तयारी कशी होते हे ‘स्मृतिचित्रे’त मराठी वाचकांपुढे मांडून ठेवले आहे. टिळकांसारख्या उतावळ्या, प्रेमळ नवऱ्यालाही त्या निर्णयाची वाट पाहावी लागली, आणि त्यांनी ती पाहिली, यात दोघांचाही मोठेपणा आहे.

यावर पहिला आक्षेप ख्रिस्ती मंडळीतूनच येईल. श्रद्धा ही देवाची देणगी आहे, ती बुद्धीने मिळवायची वस्तू नव्हे. मग अभ्यासाचा एवढा आग्रह कशाला? या आक्षेपात तथ्य आहे, आणि तो रमाबाईंनीच सर्वांत जोरकसपणे मांडला आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला कळले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, पण खुद्द ख्रिस्त आपल्याला भेटला नव्हता, अशी कबुली त्यांनी आपल्या साक्षीत दिली आहे. म्हणजे पटणे आणि भेटणे यांत अंतर आहे. पण ही कबुली देणारी स्त्री पुढे काय करते ते पाहा. ती ग्रंथ बाजूला सारत नाही. उलट आणखी खोलात शिरून मूळ भाषा शिकते. तिचा नवा अनुभव आधीच्या विचारावर उभा राहतो, त्याला पुसून टाकत नाही. बायबलचीही शिकवण हीच आहे. देवावर मनाच्या सर्व शक्तीने प्रेम करावे असे येशू सांगतो. आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यपणे उत्तर देण्याची तयारी ठेवा, असे पेत्राच्या पत्रात सांगितले आहे. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्याचा दृष्टान्त लूकच्या शुभवर्तमानात आहे. कृपा देवाची हे मान्य केले, तरी ती ज्या मनात यायची त्या मनाची मशागत करणे हे माणसाचे काम उरतेच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गोरे, रमाबाई, टिळक हे सारे ब्राह्मण, ग्रंथांत वाढलेले. महाराष्ट्रातले बहुसंख्य ख्रिस्ती मात्र दलित आणि कष्टकरी समाजातून आले. मनाच्या तयारीची अट घातली तर ती पुन्हा लिहिता-वाचता येणाऱ्यांचीच मक्तेदारी होणार नाही का? हा प्रश्न टाळून चालणार नाही. पण पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याचा इतिहास वेगळे सांगतो. तिथे अमेरिकन मिशनने मुलामुलींच्या शाळा काढल्या, आणि कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा रुजवली. अक्षरओळख नसलेला शेतमजूर कीर्तनातून कथा ऐकतो, तिच्यावर रात्रभर विचार करतो, दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारतो. ही तयारी कोणत्याही पंडिताच्या तयारीहून उणी नाही. ज्याला शतकानुशतके देवळाबाहेर ठेवले गेले त्याच्या मनात माणूस म्हणून समान मानले जाण्याची ओढ असेल, तर ते आमिष नव्हे, तो त्याच्या अनुभवाचा निष्कर्ष आहे. त्याला विचार करता येत नाही असे गृहीत धरणे हाच खरा अपमान आहे, आणि तो अपमान धर्मांतराचे विरोधकही करतात आणि उत्साही प्रचारकही. म्हणून तयारीचे माध्यम माणसागणिक बदलेल, पण तयारी प्रत्येकाची व्हायला हवी. लक्ष्मीबाईंचे उदाहरण इथेही पुरेसे बोलके आहे.

सेवेच्या बाबतीत तर ही गोष्ट आणखी निकडीची होते. १८९३मध्ये शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडत असल्याच्या आरोपावरून पुण्यात वादळ उठले आणि रानडे, भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. ‘केसरी’ची टीका जहाल होती, आणि तिच्यात एका विधवेने स्वतःसाठी काही निवडावे याविषयीची नाराजीही मिसळलेली होती, असे मला वाटते. तरीही त्या वादातला एक प्रश्न खरा होता, आणि तो आजही खरा आहे. ज्याच्या पोटात भूक आहे, ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही, त्याचा होकार कितपत मोकळा? १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि बालविधवा आणून जगवल्या. त्यांचे प्राण वाचवणे हे पहिले कर्तव्य होते आणि त्याचे मोल कशानेही कमी होत नाही. पण अशा प्रसंगातून सेवकाने धडा घ्यायचा तो स्वतःच्या मनासाठी: आपण दिलेल्या भाकरीच्या बदल्यात काहीही अपेक्षू नये, आणि मदत व बाप्तिस्मा यांत पुरेसे अंतर ठेवावे. घेणाऱ्याचे पोट भरलेले, शरीर सावरलेले, आणि नकार देऊनही मदत चालूच राहील याची खात्री पटलेली असेल, तेव्हाच त्याच्या मनाच्या तयारीबद्दल बोलता येते. सेवेसाठी मन तयार करणे म्हणजे आधी स्वतःच्या मनातला सौदा काढून टाकणे.

तिसरा आक्षेप तातडीचा आहे. दुःखी माणूस दारात उभा असताना वर्षानुवर्षे तयारी करत बसायचे का? नाही. जखमेला मलमपट्टी आजच करावी, त्यासाठी धर्मशास्त्राची पदवी लागत नाही. पण आयुष्यभराचे व्रत, धर्मगुरुपद, बाप्तिस्मा या गोष्टी मलमपट्टीच्या वेगाने करायच्या नसतात. येशूचे काही शिष्य कोळी होते, पण त्यांनाही गुरूसोबत चालत राहून बराच काळ शिकावे लागले. पौल दमिष्काच्या वाटेवरील अनुभवानंतर आधी अरबस्तानात गेला. आरंभीच्या चर्चच्या काळातील, हिप्पोलिटसच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या नियमावलीत बाप्तिस्म्याच्या उमेदवारासाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचे शिक्षण सांगितले आहे. रोमन कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर प्रौढांसाठीची ही क्रमवार तयारी पुन्हा सुरू केली आणि १९७२मध्ये तिचा विधी प्रसिद्ध केला. जुन्या चर्चला घाई नव्हती, कारण छळाच्या काळात कच्च्या मनाचा माणूस स्वतःही कोसळतो आणि इतरांनाही कोसळवतो, हे त्यांनी पाहिले होते.

ग्वाल्हेरच्या वाचकाला या सगळ्याची कायद्याची बाजूही ठाऊक आहे. मध्य प्रदेशात १९६८पासून धर्मांतराविषयी कायदा आहे. २०२१च्या नव्या कायद्यानुसार धर्मांतर करू इच्छिणाऱ्याने आणि विधी करणाऱ्या धर्मगुरूने ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि या तरतुदीवरून न्यायालयांत वादही झाले आहेत. जबरदस्ती आणि फसवणूक रोखणे हा शासनाचा अधिकार आहे. पण मनाची तयारी ६० दिवसांच्या अर्जावर मोजता येत नाही. गोरे यांना काही वर्षे लागली, लक्ष्मीबाईंनाही लागली, आणि त्यातला कोणताही दिवस सरकारी दप्तरात नोंदवता आला नसता. प्रौढ नागरिकाच्या सद्सद्विवेकाचा निर्णय अखेर त्याचाच असायला हवा. त्याच वेळी ख्रिस्ती समाजाने हेही ओळखावे की कायद्याला सर्वांत प्रभावी उत्तर निदर्शनांत नसून स्वतःच्या शिस्तीत आहे. ज्या मंडळीत बाप्तिस्म्याआधी दोन-तीन वर्षांचे मोकळे शिक्षण असते, जिथे माघार घेण्याचे स्वातंत्र्य खरोखर दिलेले असते, तिच्यावर आमिषाचा आरोप टिकत नाही.

म्हणून पाळकांना आणि धर्मगुरूंना विनंती आहे की बाप्तिस्म्यांची संख्या हा यशाचा मापदंड मानू नका. प्रश्न विचारणाऱ्याला हाकलू नका, त्याला पुस्तक द्या, वेळ द्या, आणि शेवटी तो नाही म्हणाला तरी त्याच्याशी असलेले नाते सोडू नका. ख्रिस्ती आईवडिलांनी दृढीकरणाच्या वर्गाला पाठांतराचा वर्ग होऊ देऊ नये; घरातल्या मुलाची शंका हे पाप समजू नये. सेवाक्षेत्रात उतरू पाहणाऱ्या तरुणांनी ज्यांच्यात जायचे त्यांची भाषा, त्यांचे संत, त्यांचा इतिहास आधी शिकावा. टिळकांची ख्रिस्तभक्ती तुकारामांच्या वाटेने फुलली ती उगाच नव्हे. आणि जे ख्रिस्ती नाहीत त्यांनी शेजाऱ्याने विचारपूर्वक घेतलेला निर्णय, तो आपल्याला न रुचला तरी, त्याचा आहे म्हणून मानावा. विचार करून स्वीकारलेली श्रद्धा कुणाचे घर मोडायला येत नाही, आणि तिच्यातून झालेली सेवा कुणाला विकत घेत नाही. मराठी ख्रिस्ती माणसांनी हे एकोणिसाव्या शतकात करून दाखवले आहे. आता ते जपण्याची जबाबदारी आपली आहे.